जावयाच्या कार्डाला लाल दोरा

ता. १० मे ९९, सोमवार

पडद्यावर पुन्हा पट्टे. हिरवे, गुलाबी, आडवे, जशा काही मिलच्या गच्चीवर साड्या वाळत घातल्यात. ज्योतीनं कॉम्प्युटरचं मशीन बंद केलं. आता अर्धा तास ते थंड व्हायला पाहिजे. चूल थंड होते, नवरा थंड होतो, हे यंत्र होत नाही. तोवर नात नखं खात बसते. म्हटलं, नखं खाण्यापेक्षा लिही. मी बोलते, तू लिही. मला अक्षर आलं नाही, जीभ आली. शेठच्या जुन्या डिझाइनवहीची मागची पानं कोरी आहेत, ती भरू.

काय लिहू, म्हणते. लिही, आजीला राग आलाय.

कुणाचा, विचारते. ते कळलं की लिहू.

ता. ११, मंगळ.

पुन्हा थंड करायला ठेवलंय. काल सुरुवातच वाकडी झाली, आज सरळ सांगते.

इथल्या पर्वत पाटिया भागातल्या शेठनं ज्योतीला साडीच्या बारा बॉर्डर काढायला दिल्यात, कॉम्प्युटरवर. चौदा जूनला सगळ्या पाहिजेत. पहिलंच काम. तिचा बाप, म्हणजे माझा शांताराम, कापड विणायच्या लूमवर मास्तर. त्याचं म्हणणं एकच. हे काम जमलं तर पोरीनं हेच करावं. नाही जमलं तर मशीन विकायचं आणि पोरीनं आईबरोबर साड्यांना टिकल्या लावायला बसायचं.

मी बावीस वर्षं कापडाचे तागे तपासले. फळीवरून कापड ओढायचं, फॉल्ट दिसला की काठाला लाल दोरा बांधायचा. मान वाकली ती वाकलीच, आता वर बघायचं तर कमरेतून बघते. या पोरीची मान वाकू द्यायची नाही. बस, एवढंच आहे.

(ज्योती म्हणते कॉम्प्युटरनं पण मान वाकते. गप लिही.)

ता. १३

अर्धी कोयरी काढून झाली होती. पट्टे आले, मग पडदा काळा. कोयरी गेली. दर पाच मिनिटांनी ‘सेव्ह’ करायचं असतं, मी सुद्धा शिकले, ही विसरते. चार शब्द बोलले. ते लिहू नको.

शेजारच्यांच्या फोनवरून जितेंद्ररावांना विचारलं. जितेंद्रराव म्हणजे मोठ्या नातीचे, सुमनचे मालक. भेस्तानला राहतात, कॉम्प्युटर जोडायचं काम करतात. आमचं मशीन त्यांनीच पाडव्याला इथं खोलीत बसून जोडलं. सगळे भाग नवे, फक्त पडद्यावर चित्र आणणारं डिस्प्ले कार्ड तेवढं जुनं. “नव्यासारखंच आहे, माझ्याकडून,” म्हणाले. शांतारामनं शाल घातली, नारळ दिला. मी गूळपोळी केली. तीन खाल्ल्या.

फोनवर म्हणाले, व्होल्टेज. तुमच्या भागात लूमचा लोड आहे.

स्टॅबिलायझर आणला.

ता. १५, शनि.

पट्टे.

आतापर्यंतचे उपाय. स्टॅबिलायझर. मग अर्थिंगची वायर, ती शांतारामनं मोरीच्या नळाला बांधली, आता नळ सोडताना मी देवाचं नाव घेते. मग मेमरीची पट्टी काढून ज्योतीनं तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले. मग शेजारच्या पोरीचा मॉनिटर उचलून आणला. त्याच्यावरही तेच पट्टे. मग सूनबाई म्हणाली, मशीन देव्हाऱ्याच्या दिशेनं पाठ करून आहे. फिरवलं. आता ते देवाकडे तोंड करून पट्टे दाखवतं.

सगळं काढलं, घासलं, बदललं. एका वस्तूला कुणी बोट लावलं नाही. मी म्हटलं, ते जुनं कार्ड? शांतारामनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जावयाच्या ताटातलं मीठ चाखून बघितलं.

ज्योती लिहिताना ‘जि.राव’ एवढंच लिहिते. बरोबर करते. पूर्ण नावाला शाई घालवू नये.

ता. १६, रवि.

आजपासून धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो आणि जावयाला देव करून जातो. पुढच्या महिन्यात सहा तारखेला जि.राव आणि सुमन जेवायला येणार. पुरणाचे धोंडे, आणि वाण म्हणून तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे. अनारशांचे तांदूळ मीच भिजवणार. सून म्हणते विकत आणू. विकतचे अनारसे म्हणजे… जाऊ दे, तिच्याच हातात कढई आहे.

ता. १९, बुध.

आज मशीन थंड व्हायची वाट नाही. आज मीच गरम.

शेठनं पहिल्या दोन बॉर्डरचा नमुना छापून घेतला आणि ज्योतीला बोलावून तिच्या अंगावर टाकला. मोराच्या पिसाऱ्यात पांढरी भोकं. दोन्ही बॉर्डरमध्ये, देवी आल्यासारखी. शेठ म्हणाला, “बेन, आ शुं छे? मोरने माता निकळ्या?” मोराला देवी आल्या का. सगळे हसले म्हणे.

ज्योती घरी येऊन रडली नाही. मशीन चालू करून बसली. आणि मग तिला कळलं. पट्टे यायच्या आधी पडद्यावर बारीक ठिपके यायचे, हिरवे, मोहरीएवढे. तिला वाटायचं आपल्याच हातानं चित्रावर डाग पडलेत. म्हणून ती एकेक ठिपका पुसायची. तासन् तास. ठिपके चित्रात नव्हतेच, नुसते पडद्यावर होते. ती पुसत होती ते चांगलं चित्र.

चांगल्या कापडाला भोकं पाडत होती माझी पोर, फॉल्ट समजून. बावीस वर्षांत हे पाप माझ्या हातून झालं नाही. तिनं मन लावून केलं, हेच जास्त झोंबतं.

शेठनं काम काढून घेतलं नाही. तारीख तीच ठेवली. पुन्हा भोक दिसलं तर येऊ नको म्हणाला.

ता. २०

जि.रावांना पुन्हा फोन. या वेळी शांताराम बोलला, मी जवळ उभी. रिसीव्हरमधून आवाज बाहेर येत होता. म्हणाले, “मशीनमध्ये काही नाही. पोरीच्या हाताला जमत नाही ते, मामा. सवय लागते.”

शांताराम म्हणाला, बरं.

बरं.

ज्योती, हे ‘बरं’ मोठ्या अक्षरात काढ.

ता. २३, रवि.

आज घरात कुणी नव्हतं. शांताराम आणि सून हळदीला गेलेले. मी म्हटलं, उघड डबा.

ज्योती म्हणे, आजी, पप्पा ओरडतील. म्हटलं, माझा पोरगा आहे, मी त्याला ओरडायला शिकवलं, मला काय सांगतेस.

डब्याची बाजूची पत्र्याची झाकणी काढली, मशीन चालू केलं. आत मावळतीच्या बाजारासारखी गर्दी. मी ज्योतीला विचारत गेले, हे काय, ते काय. पट्टे यायला लागले तेव्हा बंद करायला लावलं आणि मग एकेका भागावर बोट टेकवलं. सगळे भाग जिच्यावर बसवलेत ती मोठी पाटी, कोमट. विजेचा डबा, कोमट. मेमरी, जसं ताप उतरलेल्या पोराचं कानशील. कार्डावर बोट टेकवलं आणि झटक्यात काढलं. तवा. भाकरी फुगली असती.

थंड झाल्यावर पुन्हा चालू केलं. मग मी लूमवरचा एक सुताचा दोरा घेतला. कापडखात्यात हवा कुठून शिरते ते आम्ही असंच बघायचो. दोरा सोडायचा, तो सांगतो. विजेच्या डब्याच्या पंख्यापाशी धरला, फडफडला. मोठ्या पाटीवरच्या पंख्यापाशी धरला, नाचला. कार्डाच्या बारक्या पंख्यापाशी धरला.

मेला. सरळ खाली. वारा नाही. पंखा फिरतच नव्हता.

एवढे उपाय, स्टॅबिलायझर, खोडरबर, देव्हारा, आणि घरातल्या कुणी पाच बोटं टेकवली नाहीत. का, तर जावयाची वस्तू.

टेबलफॅन आणून डब्यात वारा सोडला. पावणेदोन तास एक पट्टा नाही. ज्योती खुर्चीत उड्या मारत होती. मी नाही मारल्या. माझा राग तेव्हाच खरा सुरू झाला.

ता. २४

ज्योतीनं कार्ड बाहेर काढलं. हिरवी पाटी, तळहाताएवढी. मागं कोपऱ्यात एक लाल ठिपका. नखांना लावायच्या रंगाचा.

ज्योती म्हणे, असेल कारखान्यातला.

कारखान्यात बायका नखं रंगवत नाहीत. हा ठिपका कुणीतरी मुद्दाम टाकलाय. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला माझी फळी आठवली. काठाला लाल दोरा बांधला की पुढचा माणूस काय समजायचं ते समजतो. वाचता येत नसलं तरी. वाचता येत नाही त्याच्यासाठीच तर असतो तो.

टेबलफॅनचा उपाय संपला. आज वारा असूनही ठिपके आले. आतून जळालंय काहीतरी.

ता. २६, बुध.

मनहरभाईंकडे गेलो. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतात. आमच्या लिंबायतपासून रिक्षानं. पायऱ्या उंच, ज्योतीनं मला ढकलून वर घेतलं, साखरेच्या पोत्यासारखं.

ज्योतीनं काही न सांगता कार्ड टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटं केलं, ठिपका बघितला, चष्मा कपाळावर सरकवला. “आ तो मारुं ज टपकुं छे,” म्हणाले. माझाच ठिपका. त्यांच्या मागं एक खोका होता, त्यात असेच भाग, सगळ्यांवर लाल ठिपके. म्हणाले, बिघडून माझ्याकडे परत आलेल्या वस्तूवर मी ठिपका टाकतो, म्हणजे चुकून पुन्हा विकली जात नाही. हे कार्ड दोनदा परत आलं होतं. पंखा जाम, आतली मेमरी भाजलेली. भेस्तानचा जितेंद्र येतो माझ्याकडे, तो म्हणाला सुटे भाग काढायला द्या. मी दिलं. मी त्याला सांगितलं होतं, मशीनमध्ये घालू नको.

मी विचारलं, सांगितलं होतं?

“बा, बे वार कीधुं.” दोनदा.

ज्योती माझ्या पदराला धरून होती. लहानपणी धरायची तसं.

मनहरभाईंनी दुसरं जुनं कार्ड दिलं. आमच्यासमोर लावून चालवलं, आम्ही जेवणाची वेळ चुकवून तिथंच बसलो. मी उलटं करून बघितलं. ठिपका नव्हता. दोरा धरला. फडफडला. मनहरभाई हसले, म्हणाले, बा, मारे त्यां नोकरी करो. त्यांच्या दुकानात.

दहा बॉर्डर, अठरा दिवस. आणि आधीच्या दोन बॉर्डरमधली भोकं बुजवायची ती वेगळी.

ता. २७

शांतारामला सांगितलं. जेवण झाल्यावर सांगितलं, भरल्या पोटी माणूस जरा ऐकतो. ऐकलं त्यानं. कार्ड हातात घेतलं, ठिपक्यावर अंगठा फिरवला. मला वाटलं आता उठेल, शेजारी जाऊन फोन लावेल.

म्हणाला, “माय, तू गप राय. आपली पोर तठे नांदस.” सुमन तिथं नांदते म्हणून.

मी म्हटलं, “नांदस म्हणीसन मी तोंड शिवू का?”

त्यानं कार्ड ठेवलं, हात धुतले. म्हणाला, नवं कार्ड चालतंय ना, मग झालं. सहा तारखेला धोंडे व्यवस्थित झाले पाहिजेत.

म्हणजे ज्या माणसानं माझ्या नातीच्या कामाला भोकं पाडली, वर तिच्याच हाताला नावं ठेवली, त्याला मी तेहतीस अनारसे तळायचे. खसखस लावून.

मी जुनं कार्ड बाजरीच्या डब्यात ठेवलंय. फेकू दिलं नाही.

ता. ३० मे, रवि.

सुमन एकटी आली, दोन तासांसाठी. चेहरा उतरलेला. मी तिला काही विचारलं नाही, डोक्याला तेल लावायला बसवलं. तेल लावलं की बायका बोलतात.

जुनं कार्ड काढून ज्योतीनं दुसरं लावल्याचं कळलं तिला. मग म्हणाली, “आजी, माले माहीत व्हतं.”

पाडव्याला, इथं येताना रिक्षात, कार्ड तिच्याच मांडीवर होतं. तिनं ठिपका बघून विचारलं, हा कसला. तो म्हणाला, तुझ्या माहेरच्यांना काय कळतंय. ती हसली. का हसली, तिला ठाऊक नाही.

माझा हात तिच्या केसांत थांबला. मारावं की कुरवाळावं. दोन्ही केलं नाही, वेणी घातली. जरा घट्ट घातली.

ज्योती आतल्या खोलीत होती. हे तिला मी आता सांगतेय, लिहिता लिहिता कळतंय तिला. पेन थांबलंय. लिही, बाई. तिच्यावर रागावू नको. मी रागावलेय, एक पुरे.

ता. २ जून

ज्योतीला लिहायला वेळ नाही. कार्ड तापत नाही, मशीन बंद पडत नाही, मग वही कशी उघडणार. आज ती ओल्या केसांनी पंख्याखाली बसली तेव्हा पकडली. सहा झाल्या. भोकं एकाच बॉर्डरची बुजवायची राहिलीत.

अनारशांचे तांदूळ तिसऱ्या दिवसाच्या पाण्यात आहेत.

विचार चाललाय.

ता. ६, रवि. संध्याकाळ

धोंडे झाले. जि.राव नव्या शर्टात. पाटाभोवती रांगोळी, शांताराम वाढायला, सून पंख्यानं वारा घालायला, जसं काही यालाही तापायची भीती. चार धोंडे खाल्ले, वर तूप. मला विचारतात, “काय आजी, चालतंय का मशीन?”

मी म्हटलं, उत्तम. पोरीच्या हाताला सवय लागली.

हसले. म्हणाले, बघा, मी सांगितलं होतं.

आता खरं लिही.

सकाळी स्वयंपाकघरात मी तांब्याचं ताट घासलं. बाजरीच्या डब्यातून ते कार्ड काढलं, पुसलं. त्याच्या कोपऱ्यातल्या भोकातून लाल दोरा ओवला आणि गाठ मारली, काठाला मारायचो तशीच. ठिपका वर ठेवून ताटाच्या मधोमध ठेवलं. त्यावर केळीचं पान. आता अनारसे रचायचे, तर दारात सुमन उभी. सगळं बघितलेलं.

माझं म्हणणं होतं ते एवढंच. मी भांडणार नाही, शिव्या देणार नाही, चारचौघांत त्याचा मान काढणार नाही. मान देणार. वाण देणार. त्यानं घरी जाऊन अनारसे उचलावेत आणि खाली काय आहे ते एकट्यानं बघावं. ठिपका त्याला वाचता येतो. पण हे सगळं सुमनच्या घरात उघडणार, माझ्या नाही. हे मला तिच्या तोंडाकडे बघितल्यावर कळलं. रागात आधी नाही कळलं. मी ताटाकडे हात नेला, कार्ड काढायला.

सुमननं माझा हात धरला. परातीतला एक अनारसा उचलला आणि पानावर ठेवला. मग दुसरा. मोजत होती ओठांतल्या ओठांत. तेहतीस झाल्यावर वर ताटाला नवा रुमाल बांधला, तिनंच.

“आजी, ताट मी घेते,” म्हणाली. “जड आहे.”

देताना मी दिवा लावला, नमस्कार केला. त्यांनी ताट घेतलं, सुमनच्या हातात दिलं. शांतारामच्या डोळ्यांत पाणी, जावयाचं नीट झालं म्हणून. त्याला काही माहीत नाही. ही वही त्याच्या हाती पडू देऊ नको.

ता. ७

फोन नाही.

ता. ९

फोन नाही. शेजारीण म्हणते, आजी, आमचा फोन चालू आहे, सारखं विचारू नका.

नऊ बॉर्डर झाल्या. एक नमुना शेठनं छापून बघितला. भोक नाही. तसं सांगितलं नाही त्यानं, नुसता ‘हं’ म्हणाला. शेठ लोकांचा ‘हं’ म्हणजे आपला सत्कार.

राग कमी झालाय का, ज्योती विचारते. नाही. फक्त त्याच्यात आता भीती मिसळलीय, दुधात पाणी मिसळतात तशी. दूध वाढलंय नुसतं.

ता. १३ जून, रवि. अमावास्या, महिना संपला

शेवटची बॉर्डर पडद्यावर आहे. उद्या चौदा. वेल राहिलीय, बाकी सगळं झालं. मी मध्ये मध्ये दोरा धरून बघते. फडफडतो.

आता थोड्या वेळापूर्वी दारात रिक्षा थांबली. भेस्तानची. रिक्षावाला ओळखीचा नाही. सुमनबेननं दिलंय म्हणाला आणि रुमालात बांधलेलं ताट माझ्या मांडीवर ठेवून गेला. निरोप नाही. सोबत कुणी नाही.

वाणाचं ताट कधी परत येत नसतं. दिलं ते दिलं. आमच्याकडे तरी मी कधी परत आलेलं बघितलं नाही. शांताराम उंबऱ्यात उभा आहे, विचारतो, हे काय, का पाठवलं? सून पदर तोंडाला लावून.

गाठ सुमनची आहे. लूमवरची गाठ, मीच शिकवली होती, तुटलेला दोरा जोडायची. ओढली की घट्ट होते, सोडायची तर एक टोक माहीत पाहिजे. तिच्या घरात हे टोक फक्त तिला माहीत.

ताटाचं वजन मला पाठ आहे. तीस वर्षं घासतेय. हे त्याच्यापेक्षा जड आहे. आत काहीतरी सरकतं. अनारसा नव्हे.

ज्योती म्हणते, सोड ना आजी. खुर्चीतून अर्धी उठलीय, पेन हातात.

मी म्हटलं, बस. आधी सेव्ह कर.